मोटरचं पाणी खारट, कळशीचं गोड: पेडण्यातल्या एका विहिरीचं प्रकरण

तक्रार आली ती डाळीवरून. "सर, मोटरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, दोन-दोन तास नुसती उकळत राहते. कळशीने ओढलेल्या पाण्यात मात्र अर्ध्या तासात शिजते. विहीर तर एकच!" आमच्या टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, एका विद्यार्थिनीच्या काकीने अंगणात उभं राहून मला हे सांगितलं, आणि त्या एका वाक्याने आम्हाला वर्षभर कामाला लावलं.

घर पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या बाजूच्या खाजणाला लागून आहे. ज्यांनी गोव्यातली खाजणं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खाजण म्हणजे नदीकाठची सखल जमीन. भरतीचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून तिला मातीचे बांध घातलेले असतात, आणि मानस नावाच्या झडपांच्या दारातून पाणी आत-बाहेर केलं जातं. पावसाळ्यात तिथे कोरगुटसारखं खारं सोसणारं भात होतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये बांधाला भगदाड पडलं होतं आणि ते पोती नि चिखल टाकून कसंबसं बुजवलं होतं. त्यामुळे वाड्यावर सगळ्यांचं एकमत होतं: बांध फुटला, खारं पाणी आत आलं, विहिरी बिघडल्या. बांधाच्या खर्चावरून आधीच धुसफूस होती, त्यात विहिरीची भर पडली.

वाड्यावर विहिरी सहा. आमच्यापुढे प्रश्न असा होता: समुद्राचं पाणी खरंच विहिरीत येतंय का, आणि येत असेल तर कोणत्या विहिरीत, किती आणि कधी?

त्यासाठी मोजायचा तो क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे १९,००० मिलिग्रॅम असतो. पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या जांभ्यातल्या विहिरीत तो दहा-वीस-पन्नास मिलिग्रॅम असायला हवा. म्हणजे शंभर कळशा गोड पाण्यात एक कळशी समुद्र मिसळला तरी क्लोराइड सुमारे १९० मिलिग्रॅमने वाढतो. शिवाय हा ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेला कण, मातीला चिकटत नाही, सहसा साका होऊन खाली बसत नाही, कुजत नाही. जिथून आला तिथली खूण तो तशीच घेऊन फिरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत. डाळ न शिजण्याचं कारण क्लोराइड नव्हे. समुद्राच्या पाण्याबरोबर येणारं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम पाणी जड करतात. पण ते तिघे एकत्रच येतात.

पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा टीडीएस मीटर आम्ही आधी वापरला. तो आकडा दाखवतो, पण कशाचा ते सांगत नाही. सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन, म्हणजे ते थेंब थेंब घालून किती लागलं यावरून मोजणं, हा क्लोराइडचा पक्का मार्ग, पण सिल्व्हर नायट्रेट महाग, आणि आम्हाला एक-दोन नव्हे, दिवसाला तीस-चाळीस नमुने तपासायचे होते, तेही विहिरीच्या कठड्यावर. म्हणून टायट्रेशन पडताळणीपुरतं ठेवलं आणि मोजणी प्रकाशावर करायची ठरवली.

इथे पहिली चूक झाली, आणि ती माझी. विद्यार्थिनीच्या प्रकल्पात तिने स्वतः बनवलेला एक प्रतिदीप्त, म्हणजे प्रकाश टाकला की चमकणारा, सेन्सर होता. एका टोकाला नॅफ्थॅलिमाइड, म्हणजे चमकणारा भाग. दुसऱ्या टोकाला थायोयुरिया, म्हणजे ऋण आयनाला दोन हायड्रोजन बंधांनी धरणारा भाग. आयन धरला गेला की चमक बदलते. या कल्पनेला चांगला इतिहास आहे. चार्निक यांच्या गटाने १९८९ साली ॲन्थ्रासीनला अमाइनांची शेपटी जोडून फॉस्फेटसारखे ऋण आयन पाण्यात चमकीवरून ओळखून दाखवले होते. आमच्या विद्यार्थिनीचा रेणू डीएमएसओ या द्रावकात फ्लोराइडला सुंदर प्रतिसाद देत असे: पिवळ्याचा गडद नारिंगी होई आणि चमक ढळे. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा. मी म्हटलं, चल, यातच थोडा बदल करून क्लोराइडसाठी बघू.

विहिरीचं पाणी घातलं. काही नाही. समुद्राचं पाणी घातलं. तरी काही नाही.

कारण मला आधी आठवायला हवं होतं. पाण्यातला ऋण आयन उघडा फिरत नाही, त्याला पाण्याच्या रेणूंनी घट्ट लपेटलेलं असतं. क्लोराइडचं ते लपेटणं सोडवायला मोलमागे सुमारे ३४० किलोज्यूल लागतात, फ्लोराइडचं सोडवायला ४६५. थायोयुरियाचे दोन हायड्रोजन बंध त्यापुढे किती पुरणार? डीएमएसओमध्ये ही लपेट जवळजवळ नसते, म्हणून तिथे सेन्सर वाघ असतो. ऋण आयनांच्या सेन्सरवरचं कुठलंही काम हाती आलं की मी आता सर्वांत आधी द्रावक कोणता ते बघतो. पाणी नसेल तर विहिरीपुरता तो आकडा माझ्या कामाचा नाही.

मग आम्ही उलटा विचार केला. आयनाला धरायचंच नाही. तो येऊन नुसता धडकला तरी चमक विझावी, असं काही मिळेल का?

ते औषधाच्या कपाटात दीडशे वर्षांहून जास्त काळ पडून होतं: क्विनाइन. आमच्या बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं तेव्हा त्या घरातली आजी लगेच म्हणाली, "हे तर कोयनेल! हिवतापाला देत. जीभ कडू व्हायची ती संध्याकाळपर्यंत." त्याच कोयनेलच्या द्रावणावर निळी झाक दिसते हे जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये नोंदवलं, जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये या घटनेला 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिलं, आणि क्लोराइडसारख्यांच्या सान्निध्यात ही चमक जाते हेही स्टोक्स यांनीच १८६९ मध्ये लिहून ठेवलं. पुढे १९८७ मध्ये इल्सली आणि वर्कमन यांनी क्विनाइनच्याच घराण्यातला एसपीक्यू हा रंग पेशींमधला क्लोराइड मोजायला आणला.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अतिनील प्रकाश शोषलेला क्विनाइनचा रेणू साधारण २० नॅनोसेकंद उत्तेजित राहतो आणि मग निळा प्रकाश सोडून शांत होतो. तेवढ्या वेळात क्लोराइड येऊन आदळला तर रेणू प्रकाश न सोडताच शांत होतो. क्लोराइडला पाण्याची लपेट सोडावी लागत नाही, म्हणून हे पाण्यातही चालतं. जितका क्लोराइड जास्त तितक्या धडका जास्त. स्टर्न आणि फोल्मर यांनी १९१९ मध्ये याचा नियम मांडला: मूळ चमकेला उरलेल्या चमकेने भागलं की जो आकडा येतो तो क्लोराइडबरोबर सरळ रेषेत वाढतो. ब्रोमाइड आणि आयोडाइड क्लोराइडपेक्षाही जोरात विझवतात. फ्लोराइड, नायट्रेट, सल्फेट जवळजवळ काहीच करत नाहीत. समुद्रात ब्रोमाइड लिटरला ६५ मिलिग्रॅमच्या आसपास, क्लोराइडच्या तुलनेत नगण्य, त्यामुळे त्याची आम्हाला अडचण नव्हती. तरी खात्रीसाठी आम्ही प्रमाणित रेषा, म्हणजे माहीत असलेल्या क्लोराइडला किती चमक उरते ती रेषा, दोनदा काढली, एकदा शुद्ध मिठावर आणि एकदा हरमलच्या किनाऱ्यावरून आणलेल्या समुद्राच्या पाण्यावर. दोन्ही एकमेकींवर बसल्या.

साहित्य साधं होतं. आतून काळा रंग दिलेला लाकडी खोका, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, काचेच्या नळ्या, मोबाइल, आणि पातळ करायला बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर. पाच मिलिलिटर नमुना, पाच मिलिलिटर क्विनाइन सल्फेटचं सल्फ्युरिक आम्लातलं द्रावण. मोबाइलची एक्स्पोजर हाताने बांधून ठेवावी लागते. ती आपोआपवर राहिली तर मोबाइल अंधारलेल्या नळीला स्वतःच उजळ करून दाखवतो, आणि खारं पाणी गोड ठरतं. प्रत्येक फेरीत डिस्टिल्ड पाण्याची एक नळी शेजारी ठेवायची आणि तिच्याशीच तुलना करायची, म्हणजे टॉर्चची बॅटरी उतरली किंवा दुपार तापली तरी फार बिघडत नाही.

पहिल्या दिवशी खोका उघडला तर सगळ्या नळ्या काळ्या. डिस्टिल्ड पाण्याचीसुद्धा! मुलगी रडकुंडीला आली. टॉर्च तपासली, क्विनाइन तपासलं. शेवटी आम्लाची बाटली हातात घेऊन वास घेतला आणि उलगडा झाला. सल्फ्युरिकऐवजी शेजारची हायड्रोक्लोरिकची बाटली उचलली गेली होती. हायड्रोक्लोरिक आम्लाचा अर्धा संसार क्लोराइडच. ज्या आयनाला शोधायचं त्यालाच आम्ही समुद्राच्या जवळपास एक पंचमांश तीव्रतेने आधी ओतून ठेवलं होतं. आमच्या रेषेनुसार तेवढ्या क्लोराइडमध्ये चमक १०० ची ७ उरते. मी तिला म्हटलं, "रडतेस काय, सेन्सर चालतो हे आज सिद्ध झालं." द्रावण नव्याने केलं आणि टॉर्च लावली तेव्हा नळीत जी निळाई उमटली, ती बघायला काकीची दोन्ही मुलं खोक्यात डोकं घालून बसली.

आमच्या मिश्रणात धडकांचा स्थिरांक, म्हणजे त्या सरळ रेषेचा चढ, सव्वाशेच्या आसपास आला. व्यवहारात याचा अर्थ असा: पाण्यात क्लोराइड २५० असेल तर चमक १०० ची ६९ उरते, १००० असेल तर ३६. मानकाच्या दोन्ही मर्यादा बरोबर त्या पट्ट्यात येतात जिथे फरक नुसत्या डोळ्यांनीही कळतो. २० आणि ४० मधला फरक ही पद्धत सांगू शकत नाही. तो आम्हाला नकोच होता.

सहा विहिरींची पहिली फेरी झाली आणि गोंधळ वाढला. सर्वांत खारी निघाली ती खाजणापासून सर्वांत लांबची, चढावरची विहीर: ३००! घरमालक हादरले. मला मात्र पाणी बघूनच शंका आली. विहिरीवर फणसाचा पाला पडत होता, पाणी पिवळसर होतं, आणि जांभ्याची बारीक लाल माती त्यात तरंगत होती, फिल्टर पेपरमधूनही निसटणारी. असं पाणी टॉर्चचा प्रकाश आत जाताना अडवतं आणि निळा प्रकाश बाहेर येतानाही. चमक क्लोराइडने विझली की गढूळपणाने झाकली, हे एका आकड्यावरून कळत नाही.

सोडवणूक अशी केली. त्याच पाण्याचे पाच भाग केले आणि प्रत्येकात मोजून थोडं थोडं मीठ वाढवत नेलं. गढूळपणा पाचही नळ्यांत सारखाच, तो सगळ्यांची चमक एकाच पटीत कमी करतो. मीठ मात्र प्रत्येक नळीत वेगळं. चमकेचा व्यस्त घेऊन मिठासमोर रेषा काढली की रेषेचा आरंभ भागिले रेषेचा चढ हा आकडा गढूळपणापासून मोकळा होतो, आणि त्यातून स्थिरांकाचा व्यस्त वजा केला की मूळ क्लोराइड उरतो. उत्तर तीस-पस्तीस आलं. पण ही दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी आहे, त्यामुळे मी वहीत '३३' असं लिहू दिलं नाही. 'साठच्या खाली' असं लिहिलं. टायट्रेशनने २८ दिले. त्या घरी जाऊन आम्ही आधी माफी मागितली, मग विहीर उपसायला सांगितलं. उपसल्यानंतर ब्लीचिंग पावडर टाकली तर काही दिवस आमच्यासाठी नमुना काढू नका, हेही सांगितलं. क्लोरीन क्विनाइनशीच अभिक्रिया करतो आणि मापन खोटं पडतं.

आता काकीची विहीर. वरून कळशीने काढलेलं पाणी: ११०. मोटर तासभर चालल्यानंतर नळाचं पाणी: ६४०. टायट्रेशनने ६१०. काकीची जीभ आणि तिची डाळ दोन्ही खरं बोलत होत्या.

बांधाचाच दोष असेल तर भरती-ओहोटीबरोबर आकडा हलेल, असं धरून एक दिवस आम्ही दर दोन तासांनी वरचं पाणी काढलं, पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत. तो हलला नाही. निदान आमच्या चुकीच्या मर्यादेबाहेर तरी नाही. बांधाला सर्वांत जवळची विहीर तपासली. तिच्यावर मोटर नाही, एक म्हातारं जोडपं रहाटावर पाणी ओढतं. वरचं ९०, तळाचं २४०. भगदाडापासून हाकेच्या अंतरावर असलेली विहीर पिण्याजोगी, आणि तिच्यामागची काकीची खारट.

तेव्हा मुलीने विचारलं, "सर, कळशी वरचं पाणी काढते. मोटर कुठलं काढते?"

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच. मोटरचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपचं खालचं तोंड, विहिरीच्या तळापासून जेमतेम अर्धा फूट वर होता. आम्ही एका बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी बांधली, बाटली हव्या त्या खोलीवर सोडून मग बूच ओढायचं अशी सोय केली. मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी नमुने काढले. विहिरीत पाणी चार मीटर. वर ११०, दोन मीटरवर १३०, तीन मीटरवर ३८०, तळाला ७००. खोक्यात चार नळ्या ओळीने लावल्या. पहिल्या दोन डोळ्यांना सारख्या, तिसरी मंद, चौथी अर्ध्याहूनही कमी. काकी खोक्यात डोकावून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे एकाच विहिरीत दोन विहिरी."

किनाऱ्यालगत जमिनीखाली हेच असतं. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. घनतेच्या फरकाचा हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर त्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकू शकतं. घिबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. उलट बाजूने वाचला तर तो भीतिदायक आहे: वरची पातळी थोडी जरी खाली खेचली तरी खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढू लागतं. भेगाळलेल्या जांभ्यात हा हिशेब तंतोतंत लागत नाही, पण दिशा तीच. मोटर सलग तासभर चालवणं म्हणजे तो शंकू स्वतःच्या हाताने वर ओढणं. दोन वर्षांपूर्वी रहाट जाऊन मोटर आली, आणि डाळीची तक्रार त्यानंतरचीच, हे काकीला तेव्हा आठवलं.

पडवीत बसून बोलणं झालं. आम्ही सुचवलं ते इतकंच: फूटव्हॉल्व्ह वर घ्या, मोटर एका तासाऐवजी दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं चालवा, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी कळशीनेच काढा. काकांचा आक्षेप रास्त होता. "व्हॉल्व्ह वर घेतला आणि मे महिन्यात पाणी उतरलं तर मोटर हवा ओढेल, जळेल. तिचे पैसे कोण देणार?" म्हणून व्हॉल्व्ह पार वर न नेता तळापासून दीड मीटरवर आणला आणि पाणी उतरलं की मोटर बंद करणारा फ्लोट स्विच बसवला. बांध निर्दोष आहे असं आम्ही कुठेही म्हटलं नाही. भगदाडासमोरच्या शेतात मिठाची पांढरी पापडी सगळ्यांना दिसत होती, आणि तो बांध नीट बांधायलाच हवा होता. पण या विहिरीचं खारटपण बांधाच्या माथी मारता येत नव्हतं.

पहिले तीन दिवस काहीच फरक नाही, आकडा ५०० च्या वरच. काकांनी मला फोन करून ऐकवलं. दहाव्या दिवशी २६०. मग जूनमध्ये पाऊस लागला, विहीर काठोकाठ भरली, आणि कुठला फरक व्हॉल्व्हमुळे आणि कुठला पावसामुळे हे वेगळं करता येईना. त्यामुळे तेवढ्यावर यश जाहीर करायला मी तयार नव्हतो. ऑक्टोबरात वरचं ४०, मोटरचं ७०, पण ऑक्टोबरात पेडण्यातली बहुतेक विहीर गोडच असते.

खरी परीक्षा पुढच्या मे महिन्याची. त्याच आठवड्यात, त्याच खोक्यात, त्याच मुलीने मोजलं. ती तोवर एमएस्सीला गेली होती आणि सुट्टीत आली होती. कळशीचं १००. मोटरचं, पंधरा मिनिटांच्या शेवटी, २१०. डाळ मोटरच्या पाण्यातही शिजू लागली होती, थोडा वेळ जास्त घेऊन. दगड बांधलेली बाटली पुन्हा तळाला सोडली आणि बूच ओढलं. त्या नळीची निळाई गेल्या वर्षीइतकीच मंद होती: ६९०.